परदेशी सेवेला जायचंय? आधी हिशेबाची वही उघडा

एका रविवारी आमच्या भायखळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सूचनांच्या वेळी एक मुलगी उभी राहिली. "आधुनिक गुलामगिरीविरुद्ध काम करायला मी वर्षभर इंग्लंडला जाणार आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा," एवढंच बोलून ती खाली बसली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. उपासनेनंतर पटांगणात चहा झाला, बायकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तरुण संघाने तिच्याबरोबर फोटो काढले. पैसे मात्र कुणीच दिले नाहीत.

यात लोकांची चूक नव्हती. किती लागणार, कशाला लागणार, कुणाकडे द्यायचे, यातलं तिनं काहीच सांगितलं नव्हतं. मी तेव्हा मंडळीचा खजिनदार होतो. पुढच्या शनिवारी तिला घरी बोलावलं आणि आम्ही दोनशेपानी वही घेऊन बसलो. त्या वहीत जे उतरलं, आणि त्याआधी व नंतर आलेल्या अशा अर्जांवरून जे कळलं, ते इथे सांगतो. खजिनदाराच्या नजरेतून लिहिलंय, त्यामुळे थोडं रुक्ष वाटेल.

"इथं काय काम कमी आहे?"

हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच घरी विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, वॉक फ्री आणि स्थलांतरविषयक आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०२२ मध्ये मिळून काढलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये कुठल्याही एका दिवशी जगात ४ कोटी ९६ लाख माणसं आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात, तर २ कोटी २० लाख सक्तीच्या लग्नात. ही माणसं काही फक्त दूर देशांत राहत नाहीत. वेठबिगारी बंद करणारा कायदा आपल्याकडे १९७६ सालचा आहे, तरी उचल फेडण्यासाठी वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर अडकलेली कातकरी कुटुंबं पालघर-रायगडात अजून सापडतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: इथे निदान तीन महिने काम केल्याशिवाय मंडळीकडे पैसे मागू नका. कामाठीपुऱ्यात 'प्रेरणा' ही संस्था १९८६ पासून आहे. वेश्यावस्तीतल्या मुलांना रात्री सुरक्षित जागा देण्याचं काम तिनं उभं केलं. वसईजवळ उसगावला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या 'विधायक संसद'ने वेठबिगारांच्या मुक्तीचं काम केलं. या काही ख्रिस्ती संस्था नव्हेत, पण काम शिकायला त्यानं काय फरक पडतो? अशा ठिकाणी जाऊन विचारा, देतील ते काम करा, मग ते कपाट आवरण्याचं का असेना. दोन गोष्टी होतील. हे काम आपल्याला झेपतं का ते कळेल, आणि मावशींनी तो प्रश्न विचारला की तुमच्याकडे खरं उत्तर असेल.

आमच्या मुलीचं उत्तर असं होतं: तिकडे तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांच्या आधारगृहात येणाऱ्यांमध्ये हिंदी, उर्दू, पंजाबी बोलणाऱ्या बायका असतात आणि त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलणारं माणूस लागतं. हे लोकांना पटलं. "देवानं मला हाक दिली" हेही ती म्हणाली, पण ते ऐकून कुणी पाकिटात हात घालत नाही. हाक तुम्हाला आलेली असते, त्यांना नाही.

बोलावणाऱ्या संस्थेची झडती

२०२२ पासून भारतातली शेकडो पोरं डेटा एन्ट्रीच्या नोकरीचं आमिष दाखवून बँकॉकमार्गे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेली गेली आणि ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबली गेली. मार्च २०२५ मध्ये त्यांपैकी ५४९ जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. त्यांनाही कुणीतरी गोड बोलूनच बोलावलं होतं. गुलामगिरीविरुद्ध लढायला निघालेल्या माणसानं आपल्याला आलेलं निमंत्रण न तपासणं म्हणजे दिव्याखाली अंधार.

तेव्हा संस्था नोंदणीकृत आहे का ते स्वतः बघा. इंग्लंड आणि वेल्ससाठी तिथल्या चॅरिटी कमिशनची यादी सगळ्यांना खुली आहे. तिथे संस्थेचे विश्वस्त आणि वार्षिक हिशेब दिसतात. व्हिसासाठी स्वयंसेवक बोलावण्याचा परवाना ज्यांच्याकडे आहे त्यांची यादी ब्रिटनचं गृहखातं प्रसिद्ध करतं. तिथे नाव नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. मग तिथून परत आलेल्या दोन स्वयंसेवकांशी फोनवर बोला, पण त्यांची नावं संस्थेनं दिलेली नसावीत.

चांगली संस्था उलट तुमचीच झडती घेते. पोलिसांचा दाखला मागते, पाळकांचं पत्र मागते, मुलाखतीत "तुमच्या स्वतःच्या आयुष्यात काही आघात झालाय का" असंही विचारते. राग मानू नका. जी संस्था काहीही न विचारता "या, लगेच या, फक्त नोंदणी शुल्क भरा" म्हणते, ती टाळा.

आणखी एक सावधगिरी. "दोन आठवडे अनाथाश्रमात सेवा" असं आमंत्रण आलं की दहा वेळा विचार करा. काही देशांत परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठीच मुलं घरातून उचलून आश्रमांत भरली जातात. आईबाप हयात असताना अनाथ ठरवलेली ही मुलं म्हणजे गुलामगिरीचाच एक प्रकार, आणि आपण तिथे चॉकलेट घेऊन जाणार!

व्हिसा आधी, वर्गणी नंतर

"फुकटच काम करतोय, टूरिस्ट व्हिसा चालेल" हा समज सोडा. थायलंडमध्ये बिनपगारी सेवेलाही वर्क परमिट लागतं. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलात तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त राहायचं असेल तर चॅरिटी वर्कर व्हिसा, तोही बारा महिन्यांपर्यंत आणि बिनपगारी कामापुरता. व्हिसाच्या अर्जात खोटं लिहून देवाचं काम करायला निघू नये, इतकं तरी आपण मान्य करू.

या व्हिसाची एक अट पैसे गोळा करणाऱ्यानं पाठच करावी. संस्थेनं राहण्या-खाण्याची हमी लेखी दिली नसेल, तर १,२७० पाउंड तुमच्या खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. पाउंड ११५ रुपयांचा धरला तर सुमारे १ लाख ४६ हजार रुपये. म्हणजे "काळजी करू नकोस, देतो" या आश्वासनांवर अर्ज करता येत नाही; पैसे आधी खात्यात हवेत. शिवाय सहा महिन्यांहून अधिक राहायचं तर तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ पाउंड, आणि इथून निघण्याआधी मान्यताप्राप्त केंद्रात टीबीची तपासणी. हे आकडे बदलतात, अर्जाच्या आठवड्यात पुन्हा बघा.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल, म्हणजे डोंबिवलीत राहता आणि पत्ता अजून परळच्या चाळीचा, तर आधी तो बदलून घ्या. आमच्या मुलीचे सहा आठवडे यातच गेले.

वही

लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आम्हीही बसलो. तिच्या संस्थेत राहायची खोली फुकट होती, बाकी सगळं स्वतःचं. वहीत आलं ते असं: जाण्यायेण्याचं विमान ७५ हजार, आरोग्य अधिभार १ लाख १९ हजार, व्हिसा, टीबी तपासणी, दाखले मिळून ५० हजार, विमा १५ हजार, थंडीचे कपडे आणि बूट १५ हजार, जेवण, बस, फोनसाठी महिना ३५० पाउंडप्रमाणे वर्षाचे ४ लाख ८३ हजार, आणि अचानक परतावं लागलं तर हात न लावता ठेवायचे ५० हजार. एकूण ८ लाख ७ हजार.

आकडा बघून ती गप्प झाली. मी म्हटलं, आता खालून वर जाऊ. तिची स्वतःची बचत २ लाख ७० हजार. आईवडिलांनी दीड लाख कबूल केले. उरले ३ लाख ८७ हजार. महिना हजार रुपये देणारी तीस माणसं मिळाली तर वर्षाचे ३ लाख ६० हजार होतात. राहिलेले २७ हजार मामानं द्यायचे ठरले. आठ लाखांचा डोंगर "तीस माणसं, हजार रुपये" एवढ्यावर आला, आणि तीस माणसांची यादी मात्र ती अर्ध्या तासात करू शकली.

स्वतःचा वाटा आधी लिहा. ज्यानं स्वतःचं काहीच घातलेलं नाही त्याला मंडळीची कमिटी एकच प्रश्न विचारते, आणि तो ऐकायला बरा नसतो.

पैसा कुठल्या वाटेनं येणार

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून जरा थांबतो.

पैसे सरळ तुमच्या खात्यात आले तर प्राप्तिकराच्या दृष्टीनं ती भेट ठरते. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात आलेली एकूण रक्कम ५० हजारांच्या वर गेली की वरचीच नव्हे, सगळीच रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. नातेवाईक म्हणजे कोण हेही कायद्यात लिहिलंय: आईवडील, भावंडं, काका, आत्या, मामा, मावशी आहेत, चुलत आणि मावस भावंडं नाहीत. म्हणजे मामाच्या २७ हजारांना धक्का नाही, मामेभावाचे मात्र मोजले जातील. कर भरावा लागेलच असं नाही, ते तुमच्या एकूण उत्पन्नावर, आणि त्या वर्षी तुम्ही निवासी ठरता की अनिवासी यावर अवलंबून आहे. पण विवरणपत्रात दाखवावंच लागेल. सीएला आधीच भेटा, मार्च महिन्यात नव्हे. आणि देणाऱ्याला करसवलतीची म्हणजे ८०जीची पावती मिळणार नाही हे पहिल्या भेटीतच सांगा; व्यक्तीला दिलेल्या पैशावर ती मिळत नाही.

"मग मंडळीच्या खात्यात घेऊ" हा दुसरा मार्ग सोपा वाटतो, तितका तो नाही. मंडळीचा ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो आणि करसवलत मिळवण्यासाठी त्याचं उत्पन्न भारतात खर्च व्हावं लागतं. परदेशातल्या जेवणाखाण्यावर ट्रस्टचा पैसा गेला तर लेखापरीक्षक विचारणारच. आम्ही लेखापरीक्षकाला विचारलं, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत ठराव केला आणि मंडळीकडून फक्त इथला एक खर्च उचलला. बाकी तीस जणांचे पैसे तिच्या वेगळ्या बचत खात्यात, दरमहा यूपीआयनं. त्या खात्यात तिचा पगार कधीच आला नाही आणि त्यातून तिनं कधी वडापावही घेतला नाही. वेगळं खातं ही एकच गोष्ट जरी या लेखातून उचललीत तरी माझं लिहिणं वसूल झालं.

तिसरी वाट परदेशातून येणाऱ्या पैशांची. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथलं नागरिकत्व घेतलेल्या काकांनी सामाजिक किंवा धार्मिक कामासाठी मंडळीला पैसे पाठवले, तर ती कायद्यानं विदेशी देणगी होते आणि विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. ओसीआय कार्ड असलं तरी तेच. भारतीय पासपोर्टवरच राहणाऱ्या अनिवासी भारतीयानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशांना हा नियम लागत नाही. परदेशी मित्रांना सरळ सांगा, तुम्ही जिथे जाणार त्या संस्थेलाच तिकडे द्या. तुमच्या नावानं ती खर्च दाखवेल.

आणि आखातातले नातेवाईक! दुबईच्या मामांनी उत्साहानं तिथल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमच्यासाठी वर्गणी काढायला घेतली, तर त्यांना आधी थांबवा. अमिरातीत परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं गुन्हा आहे. इथेही रस्त्यावर किंवा स्टेशनबाहेर डबा घेऊन उभं राहू नका. गणेशोत्सव मंडळंसुद्धा वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क ची परवानगी काढतात.

मागायचं कसं

आमच्या मध्यमवर्गी घरांत मागण्याची लाज फार. तिच्या आईचं म्हणणं, "लोक म्हणतील, शिकवून सवरून पोरगी भीक मागतेय." मी त्यांना पंडिता रमाबाईंची आठवण करून दिली. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, पुढे अमेरिकेत गावोगाव बोलल्या, आणि १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी एक मंडळ उभं राहिलं, ज्यानं दहा वर्षं पैसे पुरवण्याचं कबूल केलं. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. रमाबाईंनी काम सांगितलं, मुदत ठरवली आणि हिशेब बघणारं मंडळ नेमून घेतलं. आई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "बरं, माझ्या भिशीतल्या बायकांना मी विचारते."

क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी घर. मग तुम्हाला लहानपणापासून ओळखणारी पाच-सहा माणसं, समोरासमोर, त्यांच्या घरी: संडे स्कूलच्या बाई, तरुण संघातले जुने दादा, वडिलांचे ऑफिसातले मित्र. त्यानंतर पाळकसाहेब आणि त्यांच्यामार्फत कमिटीला लेखी अर्ज. कॅथोलिक असाल तर पॅरिशचे फादर. मंडळीत सूचना सगळ्यात शेवटी, आणि तीही निम्मे देणारे ठरल्यावर. व्हॉट्सअॅप त्याहून शेवटी. आमच्या मुलीनं नेमकं उलटं केलं होतं.

वेळही बघा. नाताळच्या आधी मागू नका, घराघरांत खर्च असतो. जून तर नकोच, शाळांच्या फीचा महिना. कापणीच्या सणानंतरचे आठवडे बरे. ८ फेब्रुवारीला कॅथोलिक मंडळी संत जोसेफीन बाखिता यांच्या स्मरणदिनी मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थना करतात. त्या स्वतः सुदानमधून पळवलेल्या गुलाम होत्या. संयुक्त राष्ट्रांचा तस्करीविरोधी दिवस ३० जुलैला असतो. या दिवसांजवळच्या रविवारी पाच मिनिटं मागून घ्या, पण भाषण कामाबद्दल करा, पैशाबद्दल नको.

अर्ज एका पानात बसवा. तिचा असा होता:

"प्रिय काका-काकू, सलाम. येत्या सप्टेंबरपासून वर्षभर मी इंग्लंडमधल्या एका आधारगृहात स्वयंसेवक म्हणून काम करणार आहे. तिथे तस्करीतून सुटलेल्या स्त्रिया राहतात. मी दुभाषी म्हणून बोलेन, त्यांना डॉक्टरकडे नेईन, हिशेबात मदत करेन. छापे घालायला मी जात नाही. एकूण खर्च ८ लाख ७ हजार. त्यातले २ लाख ७० हजार माझे, दीड लाख आईबाबांचे, २७ हजार मामांचे आहेत. महिना एक हजार रुपये बारा महिने देतील अशी तीस माणसं मी शोधते आहे. जमणार नसेल तर मोकळेपणानं सांगा, आपलं नातं त्यावर अवलंबून नाही. व्हिसा मिळाला नाही तर तुमचे पैसे पंधरा दिवसांत परत करीन. दर तीन महिन्यांनी हिशेब पाठवीन. तुमची, ..."

"छापे घालायला मी जात नाही" हे वाक्य माझं. सुटकेच्या नाट्यमय गोष्टी ऐकून लोकांच्या मनात भलतंच चित्र असतं. आणि व्हिसाचं वाक्य तर हवंच. एका अर्जात ते नव्हतं. व्हिसा नाकारला गेला, पैसे अर्धे खर्च झालेले, आणि त्या कुटुंबानं वर्षभर मंडळीत येणं टाळलं.

पत्र दिल्यावर दहा दिवसांनी एकदाच फोन करा. दुसऱ्यांदा नको. नाही म्हणणाऱ्यांशी पुढच्या रविवारी आधीसारखंच बोला, मुद्दाम.

तिथून काय पाठवायचं

फोटो नाही. बेड्या घातलेल्या हातांची इंटरनेटवरची चित्रंही नाहीत. तिथल्या बायकांचं नाव, गाव, चेहरा, गोष्ट, काहीही पाठवायचं नाही, "नाव बदललं आहे" असं लिहूनसुद्धा नाही. तस्कर त्यांना शोधत असतात आणि मुंबईतला ग्रुप पंजाबपर्यंत पोहोचायला एक फॉरवर्ड पुरतो. शिवाय ती गोष्ट तुमची नसते. मग लिहायचं काय? आपला दिवस. तिनं पहिल्या पत्रात लिहिलं की महिनाभर ती दान आलेले कपडे मापाप्रमाणे लावत होती, आणि एका बाईबरोबर दवाखान्यात चार तास नुसती बसली. तीस जणांपैकी कुणीही पैसे थांबवले नाहीत.

तिकडे या कामाची घडी कशी आहे हेही लिहा, लोकांना ते आवडतं. इंग्लंड-वेल्समध्ये अशा प्रौढ पीडितांना आधार देण्याचं सरकारी कंत्राट २०११ मध्ये साल्व्हेशन आर्मीला मिळालं. आपली मुक्तिफौज! तिचे चार जण १८८२ मध्ये मुंबई बंदरात उतरले होते. हे वाचून आमच्या एका ज्येष्ठ बाईंनी हजाराचे पंधराशे केले.

हिशेब मात्र रुपयांत आणि पाउंडांत, दोन रकान्यांत. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणी पोहोचवायला तीताबरोबर आणखी माणसं पाठवतो, पैशाबद्दल कुणी बोट ठेवू नये म्हणून. तिथे पौल होता, तरी ही काळजी. तुमचा हिशेब मंडळीतल्या दुसऱ्या कुणाला तपासायला द्या, सख्ख्या नातेवाईकाला नव्हे.

जाण्याआधी घरच्यांकडे पासपोर्टची प्रत, संस्थेचा पत्ता आणि जवळच्या भारतीय वकिलातीचा फोन द्या. परतल्यावर पहिला महिना भाषणं ठेवू नका. ऐकलेलं सगळं अंगात उतरलेलं असतं. झोप लागत नसेल तर समुपदेशकाकडे जा, आणि त्याचा खर्च आधीच वहीत धरा. आम्ही धरला नव्हता.

ती पुढच्या सप्टेंबरात परत आली. तिसऱ्या रविवारी सूचनांच्या वेळी उभी राहिली आणि हिशेब वाचला: खात्यात ११ हजार ४०० रुपये शिल्लक, ते तीस जणांना सारखे परत, प्रत्येकी ३८०. मागच्या बाकावरून एका काकांनी विचारलं, "डिसेंबरात बसचे चाळीस पाउंड जास्त कसे?" तिनं वही उघडली आणि सांगितलं.